नवऱ्याची निर्दोष मुक्तता : ‘पाठलाग’ आणि त्याचे प्रेक्षक



ज्यांच्या स्मरणार्थ या व्याख्यानमालेचं आजचं पुष्प गुंफायचं आहे, ते कादंबऱ्यांचे अधाशी वाचक होते आणि सिनेमाचाही त्यांना तेवढाच नाद होता, असं संयोजकांनी मला कळवलं. दोन्ही नादांना धरून बोलावं, एवढीच त्यांची अपेक्षा. म्हणून मी १९६४ सालचा ‘पाठलाग’ निवडला. राजा परांजपे यांचा हा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर बेतलेला. मराठीत मनोविश्वाच्या अंगानं जाणारा रहस्यपट म्हटला की जाणत्या प्रेक्षकाच्या तोंडी हे नाव लवकर येतं. पण लोकांनी तो कसा स्वीकारला, त्यातलं काय घरी नेलं आणि काय थिएटरातच ठेवलं, याची चर्चा फारशी झालेली नाही. आज ती करू. साठ वर्षं उलटून गेली असल्यामुळे रहस्य राखायची जबाबदारी मी घेत नाही. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी माफ करावं.

आधी कथा. एका वकिलाचं बायकोवर निरतिशय प्रेम असतं. ती आजारी पडते आणि त्याच्या डोळ्यांदेखत जाते. तो दुःखात बुडालेला असताना पोलिसांकडून निरोप येतो : दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडली आहे, चेहरा हुबेहूब तुमच्या पत्नीचा आहे, आणि तीच तुमची पत्नी असल्याचं ती सांगते. मामला कोर्टात जातो. फक्त नवरा-बायकोलाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टी ती बाई एकामागून एक सांगत जाते. वकील हादरतो, पण मानत नाही. अखेर उलगडा होतो की मेली ती पत्नीची जुळी बहीण. पिंजऱ्यात उभी असलेली बाई पहिल्या शब्दापासून खरं बोलत होती.

काशिनाथ घाणेकर नवरा, भावना दुहेरी भूमिकेत, गीतं गदिमांची, संगीत दत्ता डावजेकरांचं. चित्रपटाला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. पुढच्याच वर्षी तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ आला, रविचंद्रन आणि के. आर. विजया यांचा. १९६६ साली राज खोसलांनी सुनील दत्त आणि साधनाला घेऊन ‘मेरा साया’ काढला. मराठी कादंबरीतून निघालेली एक कल्पना दोन वर्षांत तीन भाषांत पोचली. मराठी सिनेमाच्या वाट्याला असा प्रवास क्वचितच येतो.

तो काळ कसा होता, तेही पाहू. मराठी पडद्यावर तेव्हा तमाशापटांची चलती होती. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’नं १९५९ पासून पुण्याच्या विजयानंदमध्ये सव्वाशेहून अधिक आठवडे मुक्काम ठोकला होता. १९६४ साली त्यांचाच ‘सवाल माझा ऐका!’ गाजत होता. दुसऱ्या बाजूला हिंदीत रहस्याचा हंगाम होता. ‘बीस साल बाद’ १९६२ चा. ‘वो कौन थी?’ आणि डाफ्ने द्यू मोरियेच्या ‘रेबेका’वरून घेतलेला ‘कोहरा’ हे दोन्ही १९६४ चे. या हिंदी चित्रपटांत पांढऱ्या साडीतली बाई धुक्यातून गात येते आणि अर्धं काम धुकंच करतं. परांजप्यांनी वेगळी वाट धरली. ‘पाठलाग’ची भीती उजेडात, माणसांनी भरलेल्या कोर्टात घडते. साक्षीदार, शपथ, प्रश्न, उत्तर, आणि त्यातून उभी राहणारी एक बाई. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘जगाच्या पाठीवर’ यांमुळे राजाभाऊंवर मध्यमवर्गीय मराठी माणसाचा विश्वास बसलेला होता. या दिग्दर्शकाचा सिनेमा घरच्यांना घेऊन निर्धास्त बघता येतो, हे त्याला माहीत होतं. त्या विश्वासाचा आधार घेत राजाभाऊंनी त्याला एक अस्वस्थ करणारी गोष्ट सांगितली.

दुसरा विश्वास होता घाणेकरांवरचा, आणि त्याचा उगम तुमच्या नाशिकमध्ये आहे. वसंत कानेटकर इथल्या एचपीटी महाविद्यालयात शिकवत आणि इथेच बसून नाटकं लिहीत. त्यांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ साली रंगभूमीवर आलं आणि व्यवसायानं दंतवैद्य असलेल्या या नटाला संभाजीच्या भूमिकेनं एका रात्रीत तारा केलं. घाणेकर रंगमंचावर आले की टाळ्या-शिट्ट्या सुरू होत. नट लाडका असला की प्रेक्षक त्याच्या डोळ्यांनी बघतो. ‘पाठलाग’मध्ये हेच झालं. बायकोच्या आठवणीत झुरणारा घाणेकर समोर असताना, पिंजऱ्यातली बाई खरी आहे का, हे त्रयस्थपणे तपासायला कोण बसणार? त्यानं नाही म्हटलं की आपणही नाही म्हणायचं. दिग्दर्शकानं आपल्याला नवऱ्याच्या बाकावर बसवलं होतं आणि ती जागा आपल्याला आवडली होती.

आता कादंबरी आणि पडदा यांतला फरक. कादंबरीचं नाव ‘आशा परत येते’ असं सरळ विधान करून मोकळं होतं. काय होणार हे मुखपृष्ठच सांगतं. पडद्यावर येताना ते नाव गेलं आणि ‘पाठलाग’ आलं. कोण कुणाच्या मागे लागलंय, ते शेवटपर्यंत कळू न देणारं नाव. वाचकाला ती परत येणार हे ठाऊक ठेवून धरून ठेवता येतं, प्रेक्षकाला ते ठाऊक नसलेलं बरं, असा हिशेब बदलामागे दिसतो.

वाचकाची आणखी एक सोय असते. तो पानात बोट घालून पुस्तक मिटू शकतो आणि शंका काढू शकतो. मीही एक काढतो. चेहरा सारखा असलेल्या जुळ्यांच्या बोटांचे ठसे मात्र सारखे नसतात. कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी १८९७ साली सुरू झाली होती. १९६४ सालच्या वकिलाला ही गोष्ट माहीत नसेल? घरात तिनं हाताळलेली एखादी वस्तू मिळाली नसती? ठसे जुळवले असते तर निकाल एका दुपारी लागला असता. हिचकॉक अशा शंकांना घाबरत नसे. प्रेक्षक घरी जाऊन फ्रिजचं दार उघडताना त्याला शंका आली तर आपलं काही बिघडत नाही, असं त्याचं म्हणणं असे. आपल्याकडे ती सिनेमा सुटल्यावर रविवार कारंजापर्यंत चालताना येते, आणि तोवर तिकिटाचे पैसे फिटलेले असतात.

पण ही शंका कथेतली चूक काढण्यासाठी मी मांडत नाही. ठसे घेणं सोपं असूनही या कथेला ते नको आहेत. तिला प्रश्नोत्तरंच हवी आहेत. बाईनं आपलं खरेपण शरीराच्या खुणेनं सिद्ध करून चालणार नाही. नवरा-बायकोच्या आतल्या गोष्टी चारचौघांत बोलून तिनं ते सिद्ध करायला हवं, असा कथेचा हट्ट आहे. यात कायद्याचाही एक विनोद दडला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम १२२ वैवाहिक जीवनात पती-पत्नींनी एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींना, काही अपवाद वगळता, संरक्षण देत होतं. त्या कोर्टात उघड करायला सक्ती नाही, आणि सांगणाऱ्याची संमती नसेल तर परवानगीही नाही. म्हणजे ती खरी पत्नी असेल, तर तिच्याकडून जे वदवून घेतलं जातं ते कायद्यानं जपायचं गुपित होतं. ते चव्हाट्यावर आणायला नवरा तयार होतो, तेव्हाच त्यानं मनाशी निकाल देऊन टाकलेला असतो. प्रश्न विचारणं हाच निकाल.

इथे आपल्या परंपरेकडे वळायला हवं, कारण ही गोष्ट आपण यापूर्वी ऐकली आहे. भर सभेत उभी राहून मी तुमची पत्नी आहे असं सांगणारी बाई, ओळख न देणारा नवरा, हरवलेली खूण. शकुंतलेचीच ही गोष्ट. महाभारतातला दुष्यंत तिला ओळखतो आणि तरी नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर तो कबूल करतो की मला सगळं आठवत होतं, पण नुसत्या तिच्या शब्दावर तिला स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती. हा राजा फार खरा वाटतो आणि फार नकोसाही. कालिदासाला तो सोसला नाही. त्यानं दुर्वासाचा शाप घातला, अंगठी घातली, ती पाण्यात पाडली. राजाची आठवणच पुसली गेली म्हटल्यावर त्याच्याकडे दोष उरला नाही. नायक स्वच्छ झाला आणि नाटक अजरामर झालं.

‘पाठलाग’मधली जुळी बहीण म्हणजे विसाव्या शतकातला दुर्वासाचा शाप आहे. शाप आता चालत नाही, म्हणून योगायोग आला. कथेनं नवऱ्याच्या मांडीवर एक प्रेत ठेवलं, चेहरा बायकोचाच. आता त्यानं विश्वास कसा ठेवावा? कुणीही ठेवला नसता. मांडणी इतकी पक्की आहे की नवऱ्यावर ठपका ठेवणारा माणूसच अन्यायी वाटू लागतो. व्यासांचा राजा जाणून नाकारतो, कालिदासाचा विसरून नाकारतो आणि आपला वकील स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून नाकारतो. दर पायरीला नवऱ्याची सुटका अधिक भक्कम होत गेली, आणि प्रेक्षक त्या सुटकेवर खूश झाला. माझ्या मते ‘पाठलाग’च्या लोकप्रियतेचं मर्म इथे आहे. दीड-दोन तास आपण एका खरं बोलणाऱ्या बाईवर अविश्वास दाखवला, याची टोचणी लागायच्या आत जुळी बहीण येते आणि नवऱ्याबरोबर आपल्यालाही सोडवून नेते.

पंचवटीच्या या गावात सीतेचं नाव घेतल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. सुंदरकांडात ओळख पटवण्याचे दोन प्रकार आहेत. हनुमान अंगठी दाखवतो, ती वस्तूची खूण. सीता चूडामणी देते आणि त्याबरोबर चित्रकूटावरची कावळ्याची गोष्टही सांगते, जी फक्त तिला आणि रामाला माहीत होती. ती आठवणीची खूण. सीतेला अंगठी पटते, रामाला चूडामणी आणि ती गोष्ट. तरीही पुढे अग्नीची परीक्षा टळत नाही, कारण ती परीक्षा ओळखीसाठी नव्हतीच, लोकांसाठी होती. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर नाशिकला बस्तान हलवलं आणि १९१७ साली ‘लंका दहन’ काढला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. भारतीय पडद्यावरची पहिली दुहेरी भूमिका ती. आपल्या सिनेमानं दुहेरी भूमिकेचा श्रीगणेशा केला तोच ताटातुटीच्या आणि ओळख पटवण्याच्या कथेत. त्या परंपरेच्या दुसऱ्या टोकाला भावना उभी आहे.

‘मनोवैज्ञानिक’ हा शब्द आपण अशा चित्रपटांना सैलपणे लावतो. एखादं पात्र वेडं झालं की पुरतं. पण या कथेत मनाचा खरा गुंता कुणाचा? कानेटकरांचं पहिलं नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ साली आलं. घरच्या कर्त्या पुरुषाचं मन उसवत जातं आणि सगळं घर त्याच्याभोवती फिरत राहतं. पुरुषाचं मन हा तपासायचा विषय आहे, हे मराठी प्रेक्षकाला या नाटकानं शिकवलं होतं. ती नजर ‘पाठलाग’कडे वळवली तर काय दिसतं? बायको गेल्यावर हा माणूस दुःखाशी संसार थाटून बसला आहे. मेलेली बायको आता त्याच्याशी भांडणार नाही, बदलणार नाही, म्हातारी होणार नाही. अशा वेळी जिवंत बायको परत आली तर तिचं स्वागत होईलच असं नाही. ती त्याच्या दुःखाची वैरीण ठरते. एकीकडे आठवणींनी भरलेली बोलती बाई आणि दुसरीकडे चेहरा घेऊन गेलेलं प्रेत, यांत तो प्रेताची बाजू घेतो. चित्रपट हे सांगून टाकत नाही, पण दाखवतो.

सहा वर्षं आधी हिचकॉकनं ‘व्हर्टिगो’मध्ये हेच मन धरलं होतं. तोही कादंबरीवरून, बुआलो आणि नार्सजाक या फ्रेंच जोडीच्या १९५४ सालच्या पुस्तकावरून. मेलेली बाई परत दिसते आणि पुरुषाला जिवंत बाईपेक्षा मेलेलीची प्रतिमा हवी असते. पण हिचकॉकनं रहस्य चित्रपट संपायच्या बऱ्याच आधी फोडून टाकलं. त्यानंतर प्रेक्षकाला ‘ती कोण’ या प्रश्नाचा आडोसा राहत नाही, त्या पुरुषाकडेच बघत बसावं लागतं. १९५८ च्या प्रेक्षकाला ते फारसं रुचलं नाही. स्वागत संमिश्र झालं. २०१२ साली ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांनी तोच चित्रपट सर्वकाळातला सर्वोत्तम ठरवला. परांजप्यांनी उलट केलं. त्यांनी रहस्य शेवटपर्यंत राखलं, टाळ्या त्याच वर्षी घेतल्या आणि पदकही मिळवलं. पण चर्चा त्या उत्तरापाशीच संपली. रहस्य राखणाऱ्या चित्रपटाला लगेच दाद मिळते. ते फोडणाऱ्याला वाट पाहावी लागते, पण त्याच्याविषयी बोलायला लोकांकडे पुष्कळ उरतं.

स्वीकाराचं दुसरं टोक अलीकडचं आहे. गिलियन फ्लिनच्या २०१२ सालच्या कादंबरीवर डेव्हिड फिंचरनं २०१४ साली ‘गॉन गर्ल’ काढला, पटकथा लेखिकेनंच लिहिली. त्यात बायकोची डायरी खोटी निघते, आणि जगभर वाद पेटला : हे लेखन बाईच्या बाजूचं की विरुद्ध? मला त्या वादाचा निकाल द्यायचा नाही. एवढंच दाखवायचं आहे की तिथे प्रेक्षक ‘कुणावर विश्वास ठेवायला आम्हाला भाग पाडलं?’ असं विचारत बाहेर पडले. आपण ‘पाठलाग’मधून गाणं गुणगुणत बाहेर पडलो.

ते गाणं म्हणजे ‘या डोळ्यांची दोन पाखरे’. गदिमांचे शब्द, आशा भोसले यांचा आवाज. चित्रपट न पाहिलेल्या माणसालाही ते पाठ असतं. रेडिओवर ऐकलं तर ते निष्ठेचं गाणं आहे. नजर पाखरू होऊन नवऱ्याभोवती फिरणार, एवढी बायकोची माया. चित्रपटात मात्र त्याच गाण्याला धार आहे, कारण ज्याच्याभोवती ही नजर फिरायची तोच पुढे त्या डोळ्यांना ओळखणार नाही. गाणं सुटं झालं, अमर झालं, आणि सुटं होताना त्याची धार चित्रपटातच राहिली. लोकांनी यातली माया घेतली. तक्रार घेतली नाही.

‘मेरा साया’च्या बाबतीत हे आणखी ठळक झालं. मदनमोहनच्या चालींनी आणि उदयपूरच्या रंगीत महालांनी कथेला नवं आयुष्य दिलं. पण आज त्या चित्रपटाची सार्वजनिक खूण कोणती? बरेली शहरात २०२० साली चौकात उभारलेला भलामोठा झुमका. एका गाण्यात कानातला दागिना पडला आणि त्याचं स्मारक झालं. ज्या मराठी लेखकाच्या कल्पनेवर हा सगळा डोलारा उभा राहिला, त्या जयंत देवकुळ्यांचं नाव किती मराठी घरांत माहीत आहे? याला एक कारण आहे. रहस्यकथेला आपण वाचनालयाच्या खिडकीतून भरभरून नेलं आणि साहित्याच्या इतिहासात बाहेरच्या ओसरीवर बसवलं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि पिढ्यांना वाचनाची सवय लावली. त्यांच्या बाबतीतही आपण त्या आकड्याचं कौतुक करतो, मजकुरात काय होतं ते क्वचित बोलतो. समीक्षकानं ज्या पुस्तकाची नोंद घेतली नाही, त्यावरून चित्रपट निघाला की दिग्दर्शकाचं नाव उरतं. रीमेक झाला की तेही मागे पडतं. शेवटी नट आणि गाणं.

या सभेपुढे दोन मागण्या ठेवतो. पहिली ग्रंथालयांकडे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालत आलं आहे, आणि अशा संस्थांकडे लोकांनी झिजवलेल्या पुस्तकांची परंपरा आहे. रहस्यकादंबऱ्या जपा, त्यांची सूची करा, त्यांवरून निघालेल्या चित्रपटांची नोंद त्यांच्या शेजारी ठेवा. एखाद्या काळात समाज कशाला घाबरत होता, हे गंभीर कादंबरीइतकंच तिथेही सापडतं. १९६४ साली तो या गोष्टीला घाबरत होता की आपली बायको आपली नसेल तर. त्याच गोष्टीची उलटी बाजू, आपण खरे असून आपलाच माणूस आपल्याला ओळखणार नाही ही भीती, प्रेक्षागृहातल्या बायकांच्या वाट्याची होती. ती कुणी लिहून ठेवली नाही.

दुसरी मागणी तुमच्याकडे. ‘पाठलाग’ पुन्हा बघा, आणि या वेळी ती खरं बोलते आहे हे धरून बघा. पहिल्या खेळाला भावनाचा प्रत्येक हुंदका आपण अभिनय म्हणून मोजला होता : काय सराईत बाई आहे, काय बेमालूम सोंग घेते! उत्तर माहीत असलं की तोच हुंदका साधा हुंदका होतो, आणि कोर्टातला प्रत्येक प्रश्न तिला लागताना दिसतो. नटीनं पहिल्या दृश्यापासून खरेपणाच वठवला होता. संशय आपण घरून आणला होता. राजाभाऊंनी चित्रपट असा बांधला आहे की दुसऱ्या खेळालाही तो कुठे सैल पडत नाही. उलट जास्त अस्वस्थ करतो, कारण या वेळी जुळ्या बहिणीची वाट बघण्यात आपला वेळ जात नाही. नवऱ्याची निर्दोष मुक्तता कथेनं केली आहे, ती कथेचीच राहू द्या. प्रेक्षक म्हणून आपण त्याला निदान एक प्रश्न तरी विचारू शकतो : तिला ओळखायला तुला काय कमी पडलं होतं?